अकरा कढया, नऊ ओळी

फाल्गुन लागला. हळद उकरून झाली, पाल्याचे गठ्ठे बांधून झाले, काल भट्टीला नवी माती लिंपली. आमच्या भागात या दिवसांत सगळंच पिवळं होतं. माणसांच्या टाचा पिवळ्या, बैलांचे खूर पिवळे, भाकरी मोडली की तिच्यावर बोटांचे पिवळे ठसे. बाळापूरच्या बाजारात कपाचा कान पिवळा झालेला दिसला की चहावाला ओळखतो, इथं हळदवाला बसून गेला. आमच्याकडं एक पांढरं कुत्रं आहे. होळीपर्यंत ते वाघासारखं हिंडतं.

हा वास आला की मला गेल्या वर्षीचा हंगाम आठवतो. त्याच्या आधीचे तीस-बत्तीस हंगाम एकात एक मिसळून गेलेत. कोणत्या साली काय झालं ते विचाराल तर सांगता यायचं नाही. गेल्या वर्षीचा मात्र कढई-कढईनं सांगू शकतो, कारण तो आमच्या घरच्या माणसाशिवायचा पहिला हंगाम होता.

अनुसया तिचं नाव. हे मी कागदावर लिहिलं, तोंडानं कधी घेतलं नाही. आमच्या वेळी नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नव्हते. मी म्हणायचो, "आयकलं का?" ती म्हणायची, "अवं." तेवढ्यावर संसार झाला. लग्नात बायांनी दार अडवून धरलं तेव्हा एकदा उखाण्यात घेतलं असेल, तेही पुटपुटत, दारातून सुटका व्हावी म्हणून.

ती पौषात गेली. सवाष्ण गेली म्हणून बायांनी तिला हळद लावली. घरच्या डब्यातली. तिनंच शिजवलेली, तिनंच वाळवलेली. मी ओसरीवर बसून बघत होतो आणि मनात आलं, रंग काय पडलाय! रडायचं सोडून मी हळदीचा रंग बघत होतो. असा माणूस मी. खोटं कशाला लिहू?

हळद शिजवणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. लोखंडाची मोठी कढई, त्यात हळद, वर पाणी, त्यावर हळदीचाच पाला, पाल्यावर ओला बारदाना, खाली तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाळ. लेकरूही सांगेल. अवघड आहे ते उतरवायची वेळ ओळखणं. थोडी आधी उतरवली तर आत कच्ची राहते, पुढं भुंगा लागतो. थोडी उशिरा उतरवली तर लगदा होतो, रंग मरतो. मधला तेवढा थोडा वेळ खरा. तो तिला कळायचा. तिच्या कढईतलं हळकुंड वाळल्यावर मोडलं तर टणकन वाजायचं, जसं काही भांडं आपटलं.

आणि मी? मी भट्टीच्या तोंडाशी बसून जाळ घालायचो. तीस-बत्तीस वर्षं. माझं तोंड विस्तवाकडं, तिची जागा माझ्या पलीकडं, कढईच्या काठाला. ती म्हणायची, "आता उतरवा," की आम्ही उतरवायचो. तिला ते कसं कळतं हे विचारायचं कधी सुचलंच नाही. सूर्य कसा उगवतो हे तरी कोण विचारतं?

ती गेल्यावर आमचा गजानन म्हणाला, "आबा, आता कढईचा नाद सोडा. बॉयलर बोलवू." बॉयलर म्हणजे ट्रॅक्टरमागं लावलेला वाफेचा कुकर, गावोगाव फिरतो. सेनगावकडं सगळ्यांनी तोच धरलाय. गजानन त्याच रस्त्यावर जीप चालवतो, रोज बघतो. त्याचं चूक होतं असं नाही. पण मला वाटलं, बॉयलर आला की कढई भंगारात जाणार, आणि कढईबरोबर तिला जे येत होतं तेही जाणार. माणूस गेलं ते गेलं. तिचा हातही जाऊ द्यायचा का? मी म्हणालो, "या साली मी करतो. बघून बघून मला येतंच की."

बघून बघून! पहिली कढई कच्ची निघाली. दुसरीही कच्ची. हळकुंड मोडलं तर मधोमध पांढरट गाभा, जसा काही मला हसत होता.

आमची सून रेणुका त्या वेळी कळमनुरीला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. बारावी झालेली पोरगी, लग्नानंतर शिक्षण सुटलं होतं. क्लास लावून दिला तो तिच्या सासूनंच. मी आडवा आलो होतो, म्हणालो होतो, "चुलीपुढं कॉम्प्युटर मांडायचा हाय का?" त्यावर आमच्या घरच्या माणसानं तीन दिवस माझ्या ताटात ठेचा वाढला नाही. चौथ्या दिवशी मी स्वतः रेणुकाला बसस्टँडवर सोडून आलो.

तर हंगाम आणि रेणुकाचं प्रॅक्टिकल एकाच महिन्यात आलं. सरांनी सांगितलं होतं, घरचं एखादं काम घ्या आणि त्याचा छोटा प्रोग्राम लिहून आणा. रेणुकानं हळद शिजवणं घेतलं. आपली कोणती कढई कधी लावायची, तिच्यात बुडाचे जाड गड्डे की बोटांसारखी हळकुंडं, कशानंतर काय करायचं, हे सगळं मशीननं एकेक करून सांगायचं. भाकरी खाताना ती वही घेऊन माझ्यासमोर बसली.

"मामा, आत्याबाई कढई कशी लावायच्या? पयल्यापासून सांगा."

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती वही आपटून म्हणाली, "मामा, तुमी दरवेळी येगळंच सांगून राहिले! परवा पाणी तीन बोटं वर, काल चार बोटं. आज तर म्हणले अंदाजानं."

"अगं, अंदाजच असतो तो."

"मशीनला अंदाज कळत न्हाई."

"मंग कशाची मशीन ती?"

तरी तिनं लिहिलं. हंगाम अकरा कढयांचा, म्हणजे त्याच कढईच्या अकरा खेपा, म्हणून अकरा वेळा लिहिलं. एका कढईच्या नऊ ओळी. भर, पाणी घाल, पाला पसर, बारदाना टाक, जाळ लाव, फेसाची वाट बघ, काडी टोच, मोडून बघ, उपस. पुन्हा दुसऱ्या कढईच्या त्याच नऊ. पुन्हा तिसरीच्या. क्लासमधून कागद छापून आणले ते माझ्या हातात दिले. अक्षर मराठी होतं म्हणून मला वाचता आलं. बोट ठेवून, मोठ्यानं, शाळेतल्यासारखं मी सगळं वाचलं. त्या वाचण्यातच मला घोळ सापडला. पाचव्या कढईत पाणी चार बोटं, सहाव्या कढईत तीन. सातव्या कढईत पाला पसरायच्या आधीच जाळ.

"रेणुका, हे काहून असं?"

तिनं कपाळावर हात मारला. "तुमी बदलून सांगितलं तसं मी वरच्या कढयांत दुरुस्त केलं. खालच्या राहून गेल्या. एकच गोष्ट अकरा ठिकाणी लिहिली तर ध्यानात तरी काय काय ठेवू?"

मला वाईट वाटलं. घोळ तिचा नव्हता. माझ्या तोंडातून रोज वेगळी निघालेली हळद होती ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती क्लासवरून आली ती पळतच. पिशवी खाली न ठेवताच लॅपटॉप उघडला. तो तिच्या भावानं वापरून दिलेला, त्याचं एक बटन निघालेलं, तिथं तिनं टिकली चिकटवली होती. "मामा, इकडं या. सर हसले मला. म्हणले, ताई, कढई एक, हळद एक, शिजवणारी बाई एक, मंग अकरा येळा काहून लिहिलं?"

"आन तू काय म्हणाली?"

"मी म्हणलं, कढया अकरा हायत. तर म्हणले, काम एकच हाय ना? मंग काम एकदा लिहा. त्याला नाव द्या. जितक्या येळा पायजे तितक्या येळा नुसतं नाव घ्या. याला फंक्शन म्हणतात."

फंक्शन म्हटलं की मला लग्नाचा हॉल आठवतो. पण तिनं दाखवलं ते वेगळंच होतं. वर त्या नऊ ओळी एकदाच लिहिलेल्या. त्यांच्या डोक्यावर एक नाव, शिजव. आणि खाली काय? खाली नुसतं शिजव, शिजव, शिजव, एकाखाली एक. शिजव म्हटल्यावर पुढं कंस, कंसात एक शब्द. गड्डे नाहीतर हळकुंड.

"ते कंसात काय?"

"या खेपेला कढईत काय घातलं ते. गड्डे म्हणलं तर जास्त येळ धरतं, हळकुंड म्हणलं तर कमी. काम तेच. आत काय टाकलं तसा फरक."

"आन नाव घेतलं की?"

"नाव घेतलं की ते येतं, नऊच्या नऊ कामं करून जातं. पुन्हा नाव घेतलं की पुन्हा येतं. कंटाळत न्हाई."

तिनं बटन दाबलं. आणि पडद्यावर ओळी पडायला लागल्या. पहिली कढई, भर, पाणी घाल, पाला पसर... दुसरी कढई, भर, पाणी घाल... झरझर, पाखरांचा थवा दाण्यावर उतरावा तशा. वरून अकरावीपर्यंत. ज्या नऊ ओळी एकदाच लिहिल्या होत्या त्याच.

मी म्हणालो, "पाणी चार बोटं कर. बराबर चार."

तिनं वर एका ठिकाणी तीन पुसलं, चार केलं. बटन दाबलं. अकराच्या अकरा कढयांत पाणी चार बोटं झालं.

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. औंढ्याला नागनाथाच्या गाभाऱ्यात वाकून उतरताना येतो तसा. एका ठिकाणी बोट लावलं आणि अकरा ठिकाणी दुरुस्त झालं. मी आयुष्यभर एकेक वाफा, एकेक सरी, एकेक रोप करत आलो. चूक झाली तर त्या टोकापासून या टोकापर्यंत वाकून चालायचं. आणि इथं ही पोरगी पिशवी खांद्यालाच ठेवून, टिकली लावलेल्या मशीनवर, एक आकडा बदलते आणि सगळं रान बदलतं. मी तिला पुन्हा बदलायला लावलं. चारचं पाच, पाचचं चार. तीनदा. चौथ्यांदा म्हणाली, "मामा, सयपाक करू द्या आता."

त्या रात्रीपासून मला सगळीकडं तेच दिसायला लागलं. नाव आणि नावाच्या आत बांधलेलं काम. लग्नात एक जण म्हणतो, "पंगत बसवा," आणि पत्रावळ, मीठ, पाणी, वाढपी सगळं हलतं. कोणी एकेक सांगत बसत नाही. औंढ्याला गुरवाला नुसतं अभिषेक म्हणायचं. पौषात आमच्या दारात एक म्हातारा उठून म्हणाला होता, "तयारी करा." दोनच शब्द. त्या दोन शब्दांवर माणसं बांबूला गेली, गाडग्याला गेली, पाणी तापायला ठेवलं. कोणी कोणाला विचारलं नाही, पुढं काय. मी मधोमध बसलो होतो, मला काही करावं लागलं नाही. किती पिढ्यांनी ते काम कधीतरी एकदा लिहून ठेवलं असेल! आपण नुसतं नाव घेतो. आणि कंसात, त्या दिवशी, आमचं घरचं माणूस होतं.

पण एक माझ्या मनात घोळत राहिलं. तेच तेच पुन्हा नको म्हणून हे सगळं केलं, बरोबर? मशीनसाठी ठीक आहे. आमच्या घरात मात्र तेच तेच फार होतं. "अवं, उठा, च्या झाला." "टोपी घ्या, ऊन हाय." "पायातलं बाहेर काढा." रोज. जशीच्या तशी. मी वैतागायचो, म्हणायचो, "एकदा सांगितलं ना, कितीदा तेच?" आता वाटतं, ती ओळ तिनं अजून हजार वेळा पुन्हा म्हणायला हवी होती. त्या ओळीला कोणी आखूड करू नये. सकाळी जाग येते आणि घर गप्प असतं.

तिसरी कढई आम्ही प्रोग्राम बघून लावली. लॅपटॉप खाटेवर, त्यावर ऊन लागू नये म्हणून रेणुकाचा पदर. मी कढईच्या काठाला बसलो, आमच्या घरच्या माणसाच्या जागी. भट्टीच्या तोंडाशी रोजंदारीचा गडी. पाणी चार बोटं, पाला, बारदाना, जाळ. फेस आला. मी डोळ्यांत तेल घालून बघत बसलो. काडी टोचली, कच्चं वाटलं. थांबलो. पुन्हा टोचली, पुन्हा तसंच वाटलं. थांबलो. मग एकदम काडी लोण्यात गेल्यासारखी गेली. उपसली तर लगदा.

गजानन त्या दिवशी घरीच होता. त्यानं एक गड्डा उचलला, बोटांनी दाबला, तो पिठासारखा फुटला. हात झटकून म्हणाला, "आबा, झाली तुमची हौस? आणखी एक कढई बघतो. ती बिघडली की परवा बॉयलर दारात. मंग बोलायचं न्हाई."

मी लगदा पाटीत भरायला लागलो.

रेणुका मात्र लॅपटॉपकडं बघत बसली होती. म्हणाली, "मामा, यानं सांगितलं तसंच आपण केलं. चुकलं कुठं मंग?" आणि नऊ ओळींवरून बोट फिरवत स्वतःच म्हणाली, "जे आपण सांगितलं तेवढंच याला येतं. आपल्याकडूनच एखादी ओळ सांगायची राहिली असंल. मंग हे अकराच्या अकरा येळा तीच चूक करणार."

हे ऐकून माझ्या अंगावर पुन्हा काटा आला, पण निराळा. म्हणजे हे मशीन माणसाचं अज्ञानही तितक्याच इमानानं करतं. मला वाटत होतं मला येतं. तिच्याजवळ बसून तीस-बत्तीस वर्षं काढली म्हणून येतं. पण नऊ ओळींत लिहायला गेलो तर एक ओळ कमी, आणि ती कोणती हेही मला माहीत नाही. मी डोळे मिटून तिला आठवायचा प्रयत्न केला. कढईच्या काठाला बसलेली. हातात काडी. पुढं? पुढं मला फक्त जाळ दिसायचा. मी तिकडंच बघत होतो ना आयुष्यभर.

शेवटी रेणुकाच उठली आणि नजमाबीला घेऊन आली.

नजमाबीचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. तिच्या आजेसासऱ्यापासून गादी-रजईचं काम, पिंजाऱ्याचं घर. हळदीच्या दिवसांत ती आमच्या घरच्या माणसाच्या जोडीला असायची, मी जाळ घालायला लागलो तेव्हापासून. त्या साली ती आली नव्हती, आणि मी विचारलंही नव्हतं.

आल्या आल्या मी म्हणालो, "काहून आली न्हाई गं यंदा?"

"बोलवलं का कुणी?" ती म्हणाली. "अक्का होती तवर भिंतीवरून हाक यायची. तुमाला तोंड हाय का, भाई? असलं तर भाकरीपुरतं."

रेणुकानं पदर तोंडाला लावला. हसत होती.

आम्ही चौथी कढई भरून जाळ लावला होता. नजमाबी कमरेवर हात ठेवून भट्टीभोवती एक फेरी मारून आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. "भाई, तुमी इथं काहून बसले? ही अक्काची जागा."

"मंग? बघायला कुणी पायजे का न्हाई?"

"बघायला? अक्का कवा बघत होती? ती तर कढईकडं पाठ करून माज्यासंगं गप्पा हाणायची. अर्ध्या गावाचं तिथंच निपटायचं आमचं."

"पाठ करून?" मला खरंच पटेना. "मंग तिला कळायचं कसं?"

नजमाबी माझ्याकडं बघतच राहिली. "तुमाला सच्ची मालूम न्हाई? इतके साल?" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "तुमचा ठसका, भाई."

"काय?"

"तुमाला ठसका लागायचा ना, जाळापाशी. पयले वाफ सीधी वर जाती. हळद होत आली की वाफ जड होती, तिखट होती, खाली उतरती भट्टीच्या तोंडाकडं. तिथं तुमी. तुमाला ठसका लागला की अक्का म्हणायची, नजमा, ऊठ, त्यांना लागला. मंग काडी. त्याच्या पयले ती काडीला हातसुद्धा लावत नव्हती. आता तुमी इथं येऊन बसले. मंग तुमच्या जागी कोण हाय? तो गडी? त्यानं तर तोंडाला फडकं बांधलंय!"

मी उठलो. गड्याला बाजूला केलं आणि माझ्या जागी जाऊन बसलो.

हे लिहिताना मला थांबावं लागतं. जे तिला येतं असं मी म्हणत होतो, त्यात मी होतो. मला वाटायचं ती तिकडं काहीतरी जाणते आणि मी इकडं नुसता काटक्या सारतो. आणि ती माझा गळा ऐकत होती. बाया बोलतायत, पाखरं ओरडतायत, जाळ तडतडतोय, त्या सगळ्यातून तिचा एक कान माझ्याकडं. आम्ही एकमेकांना कधी नावानं हाक मारली नाही. पण मी हाक मारत होतो आणि ती उठत होती, आणि मला माहीतच नव्हतं.

आणि एक गोष्ट मी तेव्हा कोणालाच सांगितली नाही. मला ठसका लागला की ती माझ्याकडं यायची हे मला चांगलं आठवत होतं. पाण्याचा तांब्या घेऊन यायची. मला वाटायचं, खोकलो म्हणून पाणी आणलं. एका हातात तांब्या असायचा, दुसऱ्या हातात काडी असणार. मला तांब्याच दिसला.

चौथ्या कढईला फेस आला. वाफ वर गेली, सरळ, पांढरी. रेणुका मोबाइलवर वेळ बघत होती. नजमाबी माझ्यावर नजर लावून बसलेली. इतक्या वर्षांत माझ्याकडं एवढं लक्ष कोणी दिलं नव्हतं. मी अवघडलो आणि मुद्दाम थोडा खाकरलो.

"खोटं न्हाई चालत, मामा," रेणुका तिकडून ओरडली. "मशीनला बी न्हाई आन हळदीला बी न्हाई."

मग मी विसरून गेलो. जाळाकडं बघत बसलो, नेहमीसारखा. काहीतरी मागचं आठवत होतो. आणि वाफ वळली. कडवट, गोडसर, मातीचा वास असलेली, नाकातून थेट गळ्यात. ठसका लागला तो असा की डोळ्यांतून पाणी आलं.

"ऊठ गं पोरी, लागला त्यांना!" नजमाबी ओरडली.

काडी गेली ती अडकत अडकत, पण गेली. रेणुकानं तीन हळकुंडं काढली, वरचं, मधलं, तळाचं. तिन्ही मोडली. गाभ्यापासून सालीपर्यंत एकच रंग. नजमाबीनं ते तुकडे तळहातावर धरले आणि कोणाला म्हणावं ते न कळून कढईलाच म्हणाली, "बराबर हाय, अक्का."

मी तसाच खोकत होतो. खोकण्याचा एक फायदा आहे, त्यात दुसरं काही असलं तरी कोणाला कळत नाही.

बॉयलर आला नाही. उरलेल्या सात कढयाही उतरल्या. चौथी कढई उतरली त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून रेणुकानं फंक्शनमध्ये नवी ओळ घातली. फेसाच्या खाली, काडीच्या वर. मशीन तिथं थांबतं आणि विचारतं, ठसका लागला का? नाही म्हटलं की थोडं थांबून पुन्हा तेच विचारतं. हो म्हटलं तरच पुढं सरकतं. एका ठिकाणी घातली, अकरा ठिकाणी गेली. प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या सरांनी म्हणे त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय? रेणुकानं सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः हो टाइप केलं आणि पुढं काय होतं ते बघितलं. ती पास झाली.

आणखी एक राहिलं. ओळ घालून झाल्यावर रेणुका म्हणाली होती, "मामा, शिजव हे नाव काढू का? आत्याबाईंचं ठेवू? अनुसया. मंग दर कढईला त्यांचं नाव येईल."

तिनं चांगल्या मनानं विचारलं होतं. मी मात्र लगेच म्हणालो, "न्हाई. शिजवच ऱ्हाऊ दे."

"काहून?"

"आयुष्यभर हाकेसरशी उठली ती. आता मशीनमधून बी हाका मारतेस का? बसू दे तिला."

रेणुकानं ते नाव तसंच ठेवलं, आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, उठलेली परत बसली. म्हणाली, "तुमीच टाका आज." मी टाकला. साखर जास्त झाली.

तर आता पुन्हा फाल्गुन. आज सकाळी या वर्षीची पहिली कढई लावली. गड्डे. नजमाबीचे गुडघे आता चालत नाहीत, तिला खाटेवर आणून बसवलंय. तिथून ती सगळ्यांवर ओरडते, कुत्र्यावरसुद्धा. गजानन जीप घेऊन जाताना थांबला, काचेतून बघून म्हणाला, "आबा, खोकला बरा हाय ना?" त्याची तीच चौकशी आता, भट्टीसाठी की माझ्यासाठी ते मी विचारत नाही. लॅपटॉप खाटेच्या कोपऱ्यावर. रेणुकानं खाली एकदा शिजव लिहिलंय, कंसात गड्डे, आणि मशीन पहिल्या कढईच्या ठसक्यापाशी येऊन थांबलंय. वाट बघतंय. निमूट. कितीही वेळ.

मी माझ्या जागी, तोंड विस्तवाकडं. रेणुका पलीकडं काठाला, कढईकडं पाठ करून, नजमाबीशी बोलत. कोणाच्या तरी लग्नाचं चाललं होतं.

फेस आला. वाफ सरळ गेली. मी तुराट्या सारत राहिलो. आणि मग वाफ वळली.

ठसका लागला. पलीकडं बोलणं मधेच तुटलं. पावलं वाजली. मी डोळे पुसून वर बघितलं तर रेणुका उभी. एका हातात काडी.

दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

तांब्याची ओळ प्रोग्राममध्ये नाही. मी सगळ्या ओळी बोट ठेवून वाचल्यात.